दैवाची सरकती सीमा

महामार्गावरच्या मृत्यूला जबाबदार कोण, हा प्रश्न कायद्याइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. त्याची रूढ उत्तरे दोन. 'वेळ भरली होती' असे म्हणणारे पहिले उत्तर दैवाकडे बोट दाखवते. दुसरे चालकाच्या बेफिकिरीकडे. पहिल्यात कोणीच दोषी नसतो आणि दुसऱ्यात एकटा चालक दोषी असतो. रस्ता मात्र दोन्हींत निर्दोष सुटतो.

भारतीय परंपरेत याहून सूक्ष्म विवेचन सापडते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्यामागे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर. शब्दाचा साधा अर्थ आधार किंवा बैठक असा आहे. तो साधा अर्थ धरला तर अपघातात रस्ता हे अधिष्ठान, चालक हा कर्ता, वाहन हे करण आणि स्टिअरिंग-ब्रेकची धडपड ही चेष्टा ठरते. यादीत दैवालाही जागा आहे, पण ती पाचवी. आधीच्या चारांचा हिशोब मांडल्याशिवाय दैवाचे नाव घेता येत नाही.

आधुनिक रस्ता-सुरक्षाशास्त्र वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचले. विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरांनी अपघाताकडे रोगाप्रमाणे पाहिले. माणूस, वाहन व परिसर या घटकांचा आघातापूर्वी, आघाताच्या क्षणी आणि त्यानंतर काय वाटा असतो, याचा तक्ता त्यांनी मांडला. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' हे धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच, मात्र त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, आणि तशी व्यवस्था करणे हे रस्ता आखणाऱ्यांचे कर्तव्य आहे, ही त्यामागची भूमिका. याने चालकाची सुटका होत नाही. नियम पाळणे हे त्याचे काम राहतेच. तो चुकल्यावर जीव वाचवण्याचे काम इतरांवर येते.

दैव आणि हलगर्जी यांच्यातली सीमा कशी सरकते, हे रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावरून समजते. वाहन दरीत जाऊ नये म्हणून तो बसवतात. पण त्याचे बोथट टोक येणाऱ्या वाहनांच्या समोर उघडे राहिले, तर धडकेत तीच पट्टी बॉनेट फोडून थेट आसनापर्यंत घुसू शकते. यावर उपाय आहेत: टोक रस्त्यापासून बाहेर वळवून मातीच्या उतारात गाडणे, किंवा आघात शोषून घेणारे टोक बसवणे. हे ठाऊक नव्हते तोवर अशा मृत्यूला दुर्दैव म्हणता येत होते. ठाऊक झाल्यावर तोच मृत्यू दुर्लक्षाच्या खात्यात जमा होतो.

ज्ञानाची देवाणघेवाण नैतिक ठरते ती इथे. एका देशाला उपाय कळला आणि दुसऱ्यापर्यंत तो पोहोचलाच नाही, तर तिथल्या मृत्यूंना दैव म्हणायचे की हलगर्जी? रस्त्याच्या बहुतेक नियमांमागे कोणाचे तरी मरण असते. तो धडा दडवून ठेवणे म्हणजे त्याची किंमत दुसऱ्या समाजाकडून पुन्हा वसूल करणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ११.९ लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी दहातील नऊ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. ज्ञान आणि त्याची गरज एकाच ठिकाणी नाहीत.

देण्याची परंपरा मात्र जुनी आहे. १९०८ च्या पॅरिस परिषदेनंतर, १९०९ मध्ये रस्त्यांविषयीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९५९ मध्ये व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी तीन बिंदूंचा आसनपट्टा तयार केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. १९६८ च्या व्हिएन्ना करारांनी वाहतुकीचे नियम आणि चिन्हे यांत एकसारखेपणा आणण्याचा प्रयत्न केला. भारतात मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. तिची मानके आजही देशभर वापरली जातात.

तरीही दुसऱ्याचे ज्ञान जसेच्या तसे उचलता येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या दुभाजकात परदेशी धर्तीचे तारदोरांचे कठडे बसवले गेले. त्या मार्गावर दुचाकींना बंदी आहे. जिथे दुचाकी, उसाच्या ट्रॉल्या आणि पायी चालणारे एकाच पट्ट्यावर येतात, अशा साध्या महामार्गावर त्याच कठड्याचे खांब घसरत आलेल्या दुचाकीस्वाराचे काय करतील, याचा विचार वेगळा करावा लागतो. तत्त्व सार्वत्रिक असले तरी त्याचा वापर स्थानिक असतो. म्हणून घेणाऱ्या देशाकडेही देण्यासारखे काही असते: मिश्र वाहतुकीचा भारतातला अनुभव आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांना युरोपच्या अनुभवापेक्षा जवळचा आहे.

बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी ये-जा करणारे चालक नाणे वाहतात. आख्यायिका अशी, की शिंग्रोबा हा धनगर. घाट उतरायची वाट त्याने इंग्रजांना दाखवली आणि मोबदल्यात त्याला मरण मिळाले. या श्रद्धेला दोन पदर आहेत. नाणे दैवाला वाहिले जाते, पण ज्याला वाहिले जाते तो वाट ठाऊक असलेला आणि ती परक्यालाही दाखवणारा माणूस आहे. गीतेतले पाचवे कारण पुरते नाहीसे होत नाही. दाखवलेल्या प्रत्येक वाटेने त्याचा वाटा कमी होतो, आणि तेवढी माणसाची जबाबदारी वाढते.