वायू आणि रवी हेही गुरूच

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतात. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र आणि रवी हे त्यांतले पहिले सात. दत्तजयंतीला आपण ही यादी दरवर्षी ऐकतो. मूल जन्माला येतं तेव्हा त्याच्या वाट्यालाही आधी हेच येतात: घरातली हवा, माठातलं पाणी, खिडकीतून येणारं ऊन. शाळेतले गुरुजी फार नंतर भेटतात.

गेल्या वर्षी आमच्याकडे, घाटकोपरला, कामाला येणाऱ्या बाईच्या नऊ वर्षांच्या मुलाला क्षय निघाला. ती गोवंडीत एका पुनर्वसन इमारतीच्या तळमजल्यावर राहते. घरात दिवसाही दिवा लावावा लागतो, असं ती नेहमी सांगायची. बातमी कळल्यावर आम्ही काय केलं ते खरं खरं लिहितो. घरात लहान नातू आहे म्हणून तिला म्हटलं, "दोन महिने येऊ नकोस." त्या दोन महिन्यांचा पगारही दिला नाही. गुरुवारी आरतीनंतर मंडळींत विषय निघाला, तेव्हा मीच म्हणालो, "ज्याचं त्याचं प्रारब्ध." सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आलो, पण ते वाक्य काही पचेना.

कारण तो एकटाच मुलगा नव्हता. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींची पाहणी 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केली होती. तिचा अहवाल २०१८ साली आला. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड इथे इमारती एकमेकींना अगदी खेटून उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि तिथेच क्षयाचे रुग्ण जास्त आढळले. जवळच्याच पीएमजी कॉलनीत इमारतींमधलं अंतर अधिक, तिथे रुग्णही कमी. आता सांगा, दोन इमारतींत किती जागा सोडायची हे त्या पोराच्या पूर्वजन्मीच्या कर्माने ठरवलं, की नकाशावर सही करणाऱ्या माणसाने?

कोणी म्हणेल, प्रारब्ध तर जन्माआधीच ठरतं. तेही पाहू. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ज्या आया पालेभाज्या आणि फळं अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळं जन्मतः अधिक वजनाची होती. म्हणजे जन्माआधीचं निदान काही तरी आईच्या ताटात लिहिलेलं असतं. पण ते ताट एकट्या आईच्या हातात नसतं. त्यात घरची मिळकत असते, सासरची रीत असते, आणि आपण तिला देतो तो पगारही असतो.

कर्मसिद्धांत मी सोडलेला नाही. पण तो स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखावर झाकण घालण्यासाठी नाही. श्रीगुरुचरित्रातली अंबिकेची कथा आठवा. मतिमंद मुलाला घेऊन ती विधवा कुरवपूरला नदीत जीव द्यायला निघाली होती. लोकांनी त्या मुलाला टोचून टोचून बोलून तिच्यावर ही वेळ आणली होती. श्रीपाद श्रीवल्लभांनी तिला "तुझं प्रारब्ध" म्हणून वाटेला लावलं नाही. तिला थांबवलं, उपासना सांगितली, मुलाच्या मस्तकावर हात ठेवला. प्रारब्ध आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. तरी त्यांनी हात पुढे केला.

आपल्या हाताने काय होणार, असं वाटत असेल तर झारखंडचं उदाहरण घ्या. तिथे क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ आणि डाळ दिली, जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. ज्या घरांत फक्त रुग्णालाच शिधा मिळाला, त्यांच्या तुलनेत या घरांत फुप्फुसाचा क्षय नव्याने होण्याचं प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झालं. डाळ-तांदळाने! दत्तमहाराजांच्या खांद्यावर झोळी का असते, ते मला त्या दिवशी थोडं कळलं.

तो मुलगा सहा महिन्यांच्या औषधाने बरा झाला. लहान मुलांचा क्षय मोठ्यांच्या क्षयाइतका सहसा पसरत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला मागाहून सांगितलं. तिची तपासणी करून घेतली असती, तरी पुरलं असतं. आता ती पुन्हा कामावर येते. राहिलेला पगार आम्ही दिला. पण औषध चालू असताना, अंगात ताकद यायला हवी होती तेव्हा, त्या पोराच्या ताटातून जे कमी झालं ते आता कसं परत देणार?

यंदा जयंतीच्या महाप्रसादाला आपण सगळे हातभार लावूच. त्याआधी आपल्या घरी राबणाऱ्या माणसाच्या मुलांना हवा, ऊन आणि पोटभर अन्न मिळतं का, एवढं एकदा विचारू या. अवधूतांनी ज्यांना गुरू मानलं, ते निदान त्या मुलांच्या दारापर्यंत तरी पोहोचू देत.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त!