बाळगोपाळाचा युक्ताहार

कोलकात्यातील माता लेकरास कौतुकाने ‘गोपाल’ म्हणते आणि लुची, संदेश, रसगुल्ला भरवून त्याचे गाल फुगले की कृतार्थ होते. (महाराष्ट्रातील माउली निराळी नाही, तिच्या हाती तुपाचा शिरा असतो इतकेच.) परंतु सज्जनहो, वृंदावनीचा गोपाळ लोणी खाई, तसा दिवसभर गाईंमागे रानोमाळ हिंडतही असे. आपण लोणी तेवढे ठेवले, रान काढून घेतले.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहाराच्या जोडीनेच विहार सांगितला आहे. आज शाळेमागून शिकवणी, शिकवणीमागून मोबाइल, आणि तोंडी बाटलीतले गोड पेय! चरकसंहितेत अतिस्थौल्याची कारणे हीच आहेत: मधुर व गुरू अन्नाचा अतिरेक, व्यायामाचा अभाव, दिवानिद्रा, शिवाय बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिकता. म्हणून स्थूल बालकास खादाड म्हणून हिणवणे हा अन्याय होय.

मधुमेह, रक्तदाब, यकृतातील चरबी ही प्रौढांची दुखणी आता शालेय वयातही आढळतात. देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालके २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.१ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाली.

मग लेकरास उपाशी ठेवावे काय? मुळीच नाही, अतिभोजनाप्रमाणेच अनशनही भगवंतांनी योगास बाधक मानले आहे. बालकाकडून संयमाची अपेक्षा व्यर्थ; ते व्रत मातापित्यांचे. गोड पेये घरात आणूच नयेत, मिठाई सणावारी असावी, पोट भरल्यावर घास बळेच भरवू नये. कोलकात्यास एवढे विस्तीर्ण मैदान आहे. तेथे मुलास तासभर खेळवावे. पित्याने त्या वेळी बाकावर बसून राहू नये.