मित्राची मिनिटं

२७ ऑगस्ट २०२३, रविवारची पहाट. श्रावणात माहेरी वसमतला आले होते. साडेचारला उठून बाहेर आले, तर ओसरीवर भाचा जागाच. उशीला टेकवलेल्या फोनवर व्हॅलोरंट या खेळाच्या जगज्जेतेपदाची अंतिम लढत चालू होती. लॉस एंजेलिसला तेव्हा शनिवारची दुपार. शेजारी पाटावर तडा गेलेला दुसरा फोन, त्यावरही तोच सामना, पण आवाज बंद.

"हा कुणाचा रे?"

"मित्राचा. तो झोपलाय, आत्या. त्याची मिनिटं भरतोय."

मग त्यानं समजावलं. खेळाचं खातं ट्विच किंवा यूट्यूबशी जोडायचं आणि ठरलेला वेळ सामना बघायचा, की खात्यात भेट जमा होते. तिला पोरं 'ड्रॉप' म्हणतात. कधी बंदुकीला अडकवायचं चिमुकलं लटकन, कधी नावाखाली मिरवायची उपाधी. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१३ पासून प्रेक्षकांना अशा आठवणीच्या पेट्या मिळू लागल्या आणि त्यातली एक बंदूक २०१८ मध्ये ६१ हजार डॉलरला गेली. व्हॅलोरंटमधली भेट मात्र विकता येत नाही, कुणाला देताही येत नाही. आपण बघितलं याची ती खूण, एवढंच. मला हेच आवडलं.

पण मिनिटं मोजणाऱ्या घड्याळाला उशीवरचा फोन काय नि पाटावरचा काय, सारखेच. भाच्याच्या डोळ्यांत रात्रभराचं जागरण होतं. अमेरिकेच्या इव्हिल जिनियसेसनी सिंगापूरच्या पेपर रेक्सला ३-१ नं हरवलं, तेव्हा तो उठून उभाच राहिला. "त्यांची कोच बाई आहे, आत्या! क्रिस्टीन ची!" हे सांगताना त्याचा आवाज भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. औंढ्याला नागनाथाच्या रांगेत होते. गाभारा खाली, अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरायचं. आईच्या गुडघ्यांना ते आता झेपत नाही, म्हणून तिच्या नावाचा बेल मी वाहिला. तेव्हा पाटावरचा फोन आठवला. मीही तर कुणाची मिनिटं भरत होते. बाहेर आल्यावर मंदिराच्या मागच्या बाजूला थोडी टेकले. नरसीच्या नामदेवांना पुढून हटवलं, ते मागे जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देवालासुद्धा ऐकायचं होतं, म्हणून तो वळला. ऐकणाऱ्याचा एवढा मोठा मान दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मला दिसलेला नाही.

संध्याकाळी घरी आले. आईनं प्रसाद ओंजळीत घेतला, पण तोंडात टाकायच्या आधी विचारलं, "पायऱ्या ओल्या होत्या का गं? पिंडीला हात लावायला मिळाला? बेल हिरवागार होता ना?" सगळं सांगून होईपर्यंत तिनं ओंजळ तशीच धरून ठेवली.

ओसरीवर तो मित्र आला होता. भेट त्याच्या खात्यात जमा झालेलीच होती. तरी तो म्हणाला, "शेवटचा मॅप सांग ना, पहिल्यापासून." भाच्यानं बाटल्यांची दहा झाकणं फरशीवर मांडली, पाच इकडं, पाच तिकडं, आणि एक झाकण बोटानं पुढं सरकवलं.