कर्ता कोण, आणि जाब कुणाचा

निवडून आलेल्या माणसाच्या भोवती किती माणसं असावीत, हा प्रश्न लोक जमाखर्चाचा म्हणून विचारतात. साहाय्यक किती, त्यांचे पगार किती, गरज होती का. मला तो आधी कर्माचा प्रश्न वाटतो. हजारो हात राबून जे काम उभं राहतं ते नक्की कुणाचं म्हणायचं? आणि ते चुकलं तर जाब कुणी द्यायचा?

मी राहते ती माँटगोमेरी काउंटी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टन शहराला लागून आहे. लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर, म्हणजे साधारण आपल्या गडचिरोली जिल्ह्याएवढी. वर्षाचा अर्थसंकल्प मात्र सात अब्ज डॉलरच्या वर. पोलीस, अग्निशमन, रस्ते, बस, वाचनालयं, इतकंच काय दारूची घाऊक विक्रीसुद्धा काउंटी करते, आणि या सगळ्याच्या वर एक निवडून आलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह बसतो. मी याच काउंटीच्या एका वाचनालयात नोकरी करून निवृत्त झाले. माझ्या काळात एक्झिक्युटिव्ह बदलले, पण निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर काहीच बदललेलं नसायचं. तीच परत आलेली पुस्तकं, संगणकापाशी नोकरीचे अर्ज भरणारी तीच माणसं. मी कुणाला मत दिलं हे कुणी विचारलं नाही, आणि नव्या साहेबांनी मला ठेवायचं की काढायचं हा प्रश्नच नव्हता. काउंटीच्या चार्टरने, म्हणजे तिच्या मूळ कायद्याने, बहुतेक नोकऱ्या गुणवत्तेच्या पद्धतीखाली, राजकारणाच्या हाताबाहेर ठेवल्या आहेत. ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

हे पद इथे पहिल्यापासून नव्हतं. १९४८ साली काउंटीने स्वतःचा चार्टर केला, तेव्हा लोक फक्त कौन्सिल निवडत आणि कौन्सिल एक मॅनेजर नेमून त्याच्याकडे कारभार सोपवी. १९६८ मध्ये मतदारांनी ती रचना बदलली आणि १९७० मध्ये जेम्स ग्लीसन हे पहिले एक्झिक्युटिव्ह निवडून आले. मॅनेजरची पद्धत वाईट नव्हती. जाणकार माणूस नेमायचा, नीट काम करवून घ्यायचं. पण मॅनेजरने कौन्सिलकडे बोट दाखवायचं आणि कौन्सिलमधल्या प्रत्येकाने उरलेल्यांकडे. लोकांना एक चेहरा हवा होता, ज्याला मत देता येईल आणि ज्याच्याकडून ते काढूनही घेता येईल. बदलाचा अर्थ मी तरी असाच लावते.

नव्या चार्टरने मॅनेजरला मात्र घरी पाठवलं नाही. एक्झिक्युटिव्हच्या हाताखाली चीफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर हे पद ठेवलं. त्याला एक्झिक्युटिव्ह नेमतो, कौन्सिल मान्यता देते, आणि तो व्यवसायाने प्रशासनात मुरलेला असावा ही अट आहे. एक्झिक्युटिव्हला असली कोणतीही अट नाही, त्याला फक्त लोकांनी निवडून द्यावं लागतं. एका खुर्चीसाठी लोकांचा विश्वास पुरे, दुसरीसाठी ज्ञान हवं, आणि ज्ञानाची खुर्ची विश्वासाच्या मर्जीवर. या जोडणीत मला खोल शहाणपण दिसतं.

ते दिसण्याचं कारण माझे वडील. अण्णा महाराष्ट्रातल्या एका जिल्हा परिषदेत बांधकाम विभागात अधीक्षक होते. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्यानंतरच्या भरतीतली ती पिढी. तिथली जोडणी वेगळी. अध्यक्ष सदस्यांनी निवडलेला, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकारने पाठवलेला. अध्यक्षाला लोकांपुढे उत्तर द्यावं लागतं, पण ज्या हातांनी काम व्हायचं ते हात निवडता येत नाहीत. मग अध्यक्ष फोनवर राज्य करायला लागतो.

एकदा ठराव एका वस्तीच्या रस्त्याचा झाला होता आणि फोन आला की रस्ता दुसऱ्या वस्तीकडे वळवा. अण्णांनी टिप्पणी लिहिली, त्यात मूळ ठरावाचा क्रमांक घातला आणि खाली लिहिलं, ‘मा. अध्यक्ष महोदयांच्या तोंडी सूचनेनुसार बदल प्रस्तावित. आदेशार्थ सादर.’ दोन दिवसांनी बोलावणं आलं. अध्यक्ष रागावलेले नव्हते, उलट समजुतीने बोलले. ‘भाऊसाहेब, माझं नाव कशाला घालता कागदावर? तुम्ही तांत्रिक कारण लिहा की.’ अण्णा म्हणाले, ‘अध्यक्षसाहेब, तुमच्या शब्दावर रस्ता वळणार असेल तर कागदावरही तुमचाच शब्द पाहिजे. तुम्ही सही करा, मी उद्या काम सुरू करतो.’ सही झाली नाही. रस्ता ठरावाप्रमाणे झाला. बदल्यांच्या हंगामात अण्णा दुसऱ्या तालुक्याला गेले आणि आईने नव्या गावात पुन्हा चूल मांडली.

त्या अध्यक्षाला रस्ता वळवण्याचा अधिकार होता की नव्हता हा भाग मी सोडून देते. कदाचित दुसऱ्या वस्तीला रस्त्याची गरज खरोखर जास्त असेल. मला खटकतं ते एवढंच, की काम करवून घ्यायचं होतं पण कर्ता व्हायचं नव्हतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, वेगवेगळ्या चेष्टा आणि दैव. जो या पाचांना विसरून ‘मी एकट्याने केलं’ म्हणतो त्याला काही दिसत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. कुठल्याही निवडून आलेल्या माणसाने हे रोज आठवावं. बर्फाच्या रात्री रस्ते मोकळे होतात ते मीठ पसरणाऱ्या ट्रकचालकांमुळे, मीठ वेळेत मागवणाऱ्या कारकुनामुळे आणि वादळाने दोन तास उशीर केल्यामुळेही. श्रेय एकट्याचं नाही, हे नम्रपणे मान्य करायलाच हवं.

त्याच जागी पुढे एक अवघड विचार आहे: ज्याच्या मनात ‘मी केलं’ हा भाव नाही, त्याला कर्माचं बंधन लागत नाही. साधकासाठी तो मोक्षाचा रस्ता असेल. सत्तेवरच्या माणसाने तो स्वतःला लावून घेतला तर मात्र अनर्थ आहे. ‘निर्णय खात्याचा होता, सल्ला तज्ज्ञांचा होता, मी निमित्त’ हे वाक्य अनासक्तीच्या भाषेत फार सोयीचं होतं. माझं म्हणणं असं आहे की कर्तेपण पाचांत वाटलं गेलं तरी जाब वाटला जात नाही. आतून माणूस कितीही अलिप्त असो, निवडणुकीला उभं राहून त्याने जाब आपल्या नावावर लिहून घेतलेला असतो. लोकांनी त्याला दिलं ते तेवढंच, आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

मॅक्स वेबरने १९१९ साली म्युनिकच्या व्याख्यानात हाच भेद केला होता. नोकराची अब्रू यात, की आपलं विरुद्ध मत स्पष्ट सांगून झाल्यावरही वरून आलेली आज्ञा तो स्वतःचीच असल्यासारखी नीट पार पाडतो. नेत्याची अब्रू यात, की केल्याची जबाबदारी तो स्वतः घेतो आणि दुसऱ्यावर ढकलत नाही, ढकलूच शकत नाही. अण्णांनी वेबरचं नावही ऐकलं नव्हतं. पण ‘तुम्ही सही करा, मी उद्या काम सुरू करतो’ यात दोन्ही अर्धी आली.

आता माणसांच्या संख्येकडे येते. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्या अधिकरणात मंत्री किती असावेत यावर मतं नोंदवली आहेत. कुणी बारा म्हणतं, कुणी सोळा, कुणी वीस. कौटिल्य म्हणतो, गरज आणि कुवत असेल तितके. मात्र मसलतीला तीन-चार जणच बसवावेत असं तो सांगतो, आणि कारणं देतो ती मी आजच्या ऑफिसातही खरी होताना पाहिली आहेत. एकच सल्लागार असेल तर त्याला लगाम राहत नाही. दोघे असतील तर एकजुटीने ते धन्याला गिळतात, भांडले तर काम बुडवतात. चारांहून जास्त झाले की निर्णयही होत नाही आणि गुप्तताही राहत नाही.

म्हणून एक्झिक्युटिव्हची स्वतःची, त्याच्याबरोबर येणारी आणि जाणारी माणसं थोडी असावीत. त्याने भाषणं लिहिणारी, वेळ सांभाळणारी, कौन्सिलशी बोलणारी माणसं बेशक आणावी. प्रशासन अधिकारी आणि खातेप्रमुखही त्यालाच निवडू द्यावेत, कारण हात निवडू दिले नाहीत तर जाब मागण्याचा नैतिक हक्क आपण अर्धा गमावतो. मात्र एक्झिक्युटिव्ह आणि खातेप्रमुख यांच्यामध्ये विशेष साहाय्यकांची फळी उभी राहिली की मी अस्वस्थ होते. अशा साहाय्यकाला कौन्सिलने पारखलेलं नसतं, त्याच्यावर कुठल्या खात्याची जबाबदारी नसते, पण तो ‘साहेबांची इच्छा आहे’ म्हणून फोन करू शकतो. तोंडी सूचना तिथूनच निघतात. आणि जे पैसे मोजतात, तपासतात, तक्रारी ऐकतात, ते त्याच्या मर्जीवर मुळीच नसावेत. अशी तपासणी करणारा आमचा इन्स्पेक्टर जनरल कौन्सिल नेमते, हे मला अगदी योग्य वाटतं.

२००२ च्या ऑक्टोबरात हे सगळं उघड्यावर पाहायला मिळालं. तीन तारखेच्या सकाळी आमच्या काउंटीत काही तासांत चार माणसं लपून झाडलेल्या गोळ्यांनी मेली, आणि पुढचे तीन आठवडे माणसं पेट्रोल भरताना गाडीच्या आड वाकून उभी राहत. आमच्या वाचनालयाचे पडदे दिवसभर ओढलेले. दूरचित्रवाणीवर रोज बोलत ते पोलीसप्रमुख चार्ल्स मूस. त्यांना १९९९ मध्ये आणलं होतं एक्झिक्युटिव्ह डग्लस डंकन यांनी. अनेकदा डंकन त्यांच्या शेजारी उभे दिसत, पण तपासाचं बोलणं मूस यांचं. एका शाळकरी मुलाला गोळी लागली त्या दिवशी मूस यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. जाणकाराला बोलू द्यायचं आणि तरी कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हायचं नाही. अपयश आलं असतं तर त्या चित्रात डंकन होतेच.

पुढच्या वर्षी मूस यांना त्या प्रकरणावर पुस्तक लिहायचं होतं. नोकरीत असताना पदाच्या जोरावर असा मोबदला घेता येणार नाही, असं काउंटीच्या एथिक्स कमिशनने सांगितलं, आणि मूस यांनी राजीनामा दिला. मला त्या माणसाबद्दल आदर होता आणि त्यांच्या जाण्याचं वाईट वाटलं. तरी जिच्यात नायकालाही नाही म्हणता येतं, त्या व्यवस्थेत आपण नोकरी करतो याचा आधारही वाटला.

याचं उलट टोक महाराष्ट्राने नुकतंच भोगलं. २०२२ च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. माझा मामेभाऊ म्हणतो, कामं उलट लवकर झाली, कुणाची लुडबुड नव्हती. झालीही असतील. पण त्याच्या गावच्या शाळेची गळकी खोली तशीच राहिली तेव्हा तो कुणाच्या दारात जाऊन उभा राहणार होता? प्रशासकाला कुणी निवडणुकीत हरवू शकत नाही. हातही तेच आणि कर्ताही तेच झाले की जाब देणारं कुणी उरत नाही.

इथे २०२६ च्या नोव्हेंबरात नव्या एक्झिक्युटिव्हची निवडणूक आहे. उमेदवार वाचनालयांच्या सभागृहांत येतील, घरांच्या किमती आणि शाळांबद्दल बोलतील. शाळा तर त्यांच्या हाताखालीही नाहीत, त्यांचं मंडळ लोक वेगळं निवडतात, जरी अर्थसंकल्पाचा जवळपास निम्मा वाटा तिकडे जातो. माझा प्रश्न तयार आहे. प्रशासन अधिकारी म्हणून तुम्ही कुणाला आणणार, आणि त्या माणसाने आधीच्या नोकरीत आपल्या वरिष्ठाला लेखी विरोध केल्याचं एक तरी उदाहरण तुम्ही सांगू शकाल का?