बंधुसेवा आणि वारीचा नेम



गळ्यात तुळशीची माळ पडली की तिच्यासवे नेमही येतो. आषाढी-कार्तिकीची वारी, पंधरा दिवसांची एकादशी, सांजसकाळचा हरिपाठ, हे नेम आपल्या वाडवडिलांनी घालून दिले आणि आपण ते जिवापलीकडे जपतो. जपावेत हेच योग्य. नेम सुटला की मन मोकाट सुटते. परंतु प्रपंचात कधी कधी असा प्रसंग येतो की दोन धर्म समोरासमोर उभे राहतात. घरात भाऊ अंथरुणाला खिळला आहे आणि दिंडी वेशीबाहेर पडली आहे. पाऊल कोणत्या दिशेला टाकावे? दरवर्षी ज्येष्ठ महिना लागला की कोणी ना कोणी माळकरी हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येतो आणि विचारताना त्याचा कंठ दाटतो. म्हणून आज त्याचाच विचार करू.

या प्रश्नाचे उत्तर पंढरीत विटेवर उभेच आहे. पुंडलिकरायाची कथा लहान पोरालाही ठाऊक असते. आरंभी तो मायबापांना विसरलेला होता. पुढे डोळे उघडले आणि तो त्यांच्या सेवेला लागला. साक्षात पांडुरंग दारी आला, तेव्हा त्याने हातातली सेवा सोडली नाही, मागे वीट सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. आता नीट विचार करा. देव रागावला का? निघून गेला का? तो थांबला, आणि अजून थांबलेला आहे. आपला संप्रदाय ज्या विटेभोवती उभा राहिला ती वीट म्हणजे सेवेत गुंतलेल्या भक्ताने देवाला दिलेले आसन होय. म्हणजे घरच्या आजाऱ्याची सेवा आणि देवाचे दर्शन यांत तंटा नाहीच. तंटा आपल्या मनात आहे.

येथे कोणी शंका घेईल, “महाराज, मायबापांची गोष्ट निराळी. ते तर प्रत्यक्ष दैवत. भावाबहिणीसाठी वारी सोडावी असे कोठे सांगितले आहे?” शंका रास्त आहे. तिच्या उत्तरासाठी आळंदीकडे वळू.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार लेकरे. मायबाप गेले, समाजाने वाळीत टाकले. त्यांना एकमेकांवाचून कोण होते? थोरला भाऊ गुरू झाला, धाकटा शिष्य झाला. ज्ञानदेव खिन्न होऊन ताटी लावून आत बसले, तेव्हा दार उघडायला कोणी पंडित आला नाही, सर्वांत धाकटी बहीण आली. ‘ताटीचे अभंग’ म्हणून जे आपण गातो ते लहान बहिणीने थोरल्या भावाच्या दुखऱ्या मनाची केलेली शुश्रूषाच आहे. 1296 साली माउलींनी आळंदीस समाधी घेतली, त्यापाठोपाठ सोपानकाकांनी सासवडला. आजही आषाढीच्या वाटेवर पंढरपूर जवळ आले की या दोघांच्या पालख्या भेटतात. त्या सोहळ्याचे नावच मुळी बंधुभेट. लाखो वारकरी ती भेट पाहून डोळे पुसतात. आणि सज्जनहो, डोळे पुसणाऱ्यांतल्या कितीकांचा घरी सख्ख्या भावाशी अबोला असतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता दृष्टांत ऐका. हा पुराणातला नव्हे, आमच्या डोळ्यांपुढे घडलेला आहे. नावे सांगत नाही, नावाशी आपल्याला कर्तव्य नाही.

फलटण तालुक्यात दोन भाऊ. दोघेही माळकरी, दोघेही एकाच दिंडीतले. थोरल्यांची एक जुनी पद्मिनी मोटार होती. मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या धाटणीवर ज्या गाड्या बनत आणि 2000 च्या सुमारास ज्यांचे बनणे थांबले, त्यांपैकी एक. गावातला म्हातारा-कोतारा, अडलेली बाळंतीण, कोणालाही न्यायचे झाले की थोरले किल्ली घेऊन उठायचे. पुढे बांधाच्या दोन हात जमिनीवरून भावांत वाकडे आले. वाटण्या झाल्या, बोलणे बंद झाले. मोटारही गोठ्याशेजारच्या छपराखाली जी उभी राहिली ती सात वर्षे हललीच नाही. धाकटे दरवर्षी टाळ घेऊन पंढरीला जात. मुखी नाम, मनी अबोला.

2024 च्या चैत्रात थोरल्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा बसली. ज्यांचे तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, शब्द अडखळतो, त्यांना घटकाभरही घरी ठेवू नये. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. हे प्रत्येक दिंडीने ध्यानात ठेवावे. थोरले जगले. पण घरी आले ते खाटेवरच. त्यांच्या घरात दुसरे धडधाकट माणूस नव्हते. मधला बांध ओलांडून धाकटे आले, ते न बोलताच. दर दोन तासांनी कूस पालटणे, नीट बसवून मगच घास भरवणे, लुळा हात ओढून न उठवता पाठीखाली आधार देणे, हे सगळे ते शिकले. लुळा हात ओढला तर खांदा निखळतो, हे त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावले होते.

थोरल्यांच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. डावा हात उचलून ते छपराकडे दाखवीत. सगळ्यांना वाटे, गुरांचे काही सांगतात. महिन्याने उलगडले, ते मोटारीकडे दाखवीत होते. शेजारी म्हणाले, “भंगारात घाला. दवाखान्याला जायला भाड्याची गाडी मिळते की.” धाकट्यांनी ऐकले नाही. त्यांनी तालुक्याचा एक जुना मिस्त्री आणला.

धाकटे किल्ली घेऊन तयारच होते. मिस्त्री म्हणाला, “काका, किल्ली लावू नका. सात वर्षं जे झोपलंय, त्याला थोबाडीत मारून उठवायचं नसतं.”

सज्जनहो, पुढे मिस्त्रीने जे केले त्यात परमार्थाचा क्रम आहे, म्हणून सावकाश सांगतो.

पहिल्याने त्याने आत काय साठले आहे ते पाहिले. उंदरांनी घरटे केले होते, दोन तारा कुरतडल्या होत्या. मग टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकले. पेट्रोल सुद्धा शिळे होते. त्याचा चीक बनतो आणि कार्बोरेटरची बारीक भोके बुजवतो. तसाच जुना राग मनात साठला की नामाचा रस आत उतरत नाही. वरून कितीही ताजे ओता, चीक आधी काढावा लागतो. रबरी नळ्याही बदलल्या, कारण आताच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही.

दुसऱ्याने, चारी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडले आणि दोन दिवस तसेच राहू दिले. कोणी म्हणाले, “धक्का मारा की!” मिस्त्री म्हणाला, “दट्ट्या गंजून धरलेला असला तर धक्क्यानं मोडंल. तेल मुरू द्या.” दोन दिवसांनी गाडी वरच्या गियरात घालून हलकेच मागेपुढे लोटली आणि इंजिन सुटले. तिकडे खाटेवर व्यायामाच्या बाईही हेच करीत होत्या. आखडलेले बोट झटका देऊन उघडायचे नाही, तेल लावून, ऊब देऊन, थोडे थोडे. घाई म्हणजे सेवा नव्हे. घाईत आपली सोय असते, सेवेत रोग्याची.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. इंजिन सुटले तरी मिस्त्रीने ते सुरू केले नाही. आधी ब्रेक उघडले. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, आतले सिलिंडर गंजतात, रबरी वाट्या सुजतात. ते सारे नवे घातले, टायर वरून बरे दिसत होते तरी भेगाळले म्हणून बदलले. तो म्हणाला, “चालायची घाई समद्यांना असती. आधी थांबायचं बघावं.” कठोपनिषदात देहाला रथ म्हटले आहे, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम. लगाम सांगितला तो यासाठीच. ज्याला जिभेला थांबवता येत नाही त्याने भजनाला कितीही वेग दिला तरी तो बांधावरच जाऊन आदळतो.

या सगळ्या वेळात थोरले खुर्चीवर बसून पाहात. एके दिवशी धाकट्यांनी प्लग आणि कानस-कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. लुळ्या हाताने प्लग दाबून धरायचा, डाव्याने घासायचा. एक प्लग घासायला अर्धा दिवस गेला. पण त्या दिवशी, आजारात पहिल्यांदाच, ते पोटभर जेवले. सज्जनहो, हे नीट ध्यानात घ्या. आजाऱ्याचे अंग पुसणे, त्याला औषध देणे ही सेवा खरीच. परंतु ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला आधार दिला त्याला नुसता घेणारा करून खाटेवर ठेवला तर तो आतून खचतो. त्याला काही देता येईल अशी जागा ठेवणे ही त्याहून थोर सेवा.

दरम्यान आषाढी आली. माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. दिंडीतले गडी बोलवायला आले. धाकट्यांचा पाय उंबऱ्यात अडखळला. पंचवीस वर्षांची वारी! त्यांनी पताकेला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, “माउलींना सांगा, घरी बंधुभेट चालू आहे.” त्या रात्री खाटेपाशी बसून त्यांनी एकट्याने हरिपाठ म्हणायला घेतला आणि मधेच थांबले. कारण दुसरा आवाज येत होता. ज्या थोरल्यांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हते ते चालीवर विठ्ठलाचे नाव घेत होते. वाणी गेलेल्या पुष्कळ रोग्यांना साधा शब्द जुळवता येत नाही, पण पाठ असलेले चालीवर म्हणता येते, कारण बोलणे आणि सूर मेंदूत सर्वस्वी एका जागी नांदत नाहीत, असे वैद्यक सांगते. आम्ही त्याला चमत्कार म्हणत नाही. इतकेच म्हणतो, जे साठ वर्षे नेमाने मुरले तेच अडीनडीला वर आले. नेम कशासाठी करायचा, याचे उत्तर येथे आहे.

भाद्रपदात इंजिन सुरू झाले. पण धडपणे चालेना, आचके देई. मिस्त्री कार्बोरेटर पुन्हा उघडू लागला. थोरल्यांनी डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जवळ आणून बारीक फट दाखवली आणि डिस्ट्रिब्युटरकडे मान हलवली. मिस्त्रीने टोपण काढले. पॉइंटांमधली फट खरोखरच बिघडली होती. ती नीट केली आणि मोटार एका लयीत बोलू लागली. मिस्त्री हात पुसत म्हणाला, “मालकांनी दुखणं बरोबर सांगितलं.” त्या वेळी दोघे भाऊ रडले. सात वर्षांतले पहिले बोलणे ते हेच, शब्दावाचून झालेले.

खाजगी गाडीची नोंद 15 वर्षांची असते, मग दर 5 वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. ती थकली होती. धाकट्यांनी आर.टी.ओ. कचेरीत खेपा घालून ती वाढवली, विमा उतरवला, धुराचा दाखला काढला. परमार्थात व्यवहार चोख लागतो. गर्दी ओसरल्यावर मार्गशीर्षात दोघे निघाले. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी, पालखीचीच ती वाट. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला असल्याने पुढची बैठक सलग आणि पायाशी मोकळी, थोरल्यांना नीट बसता आले. शंभर किलोमीटरांना अख्खी सकाळ लागली. चाकाच्या खुर्चीतून नामदेव पायरीपर्यंत नेले, तेथून कळस दाखवला. थोरल्यांचा उजवा हात काही उठला नाही. तो अजूनही पुरता उठत नाही. डाव्या हाताने त्यांनी धाकट्याचा उजवा हात धरला आणि त्या दोन हातांचा एक नमस्कार झाला.

आता सिद्धांत सांगून थांबतो. कोणी असे समजू नये की आम्ही वारी सोडा म्हणतो. घरी सर्व कुशल असता आळसाने जो वारी चुकवतो त्याला या दृष्टांताचा आधार नाही. तसेच, घरी आजारी टाकून जो वारी करतो त्याने विटेचा अर्थ ओळखला नाही. आणि तिसरे, आजारी पडेपर्यंत भावाची वाट पाहू नका. सात वर्षे उभी राहिलेली मोटार उठवायला पाच महिने लागले. अबोला जितका जुना तितके तेल अधिक, धीर अधिक. देहाचा भरवसा मोटारीएवढाही नाही. तिचे सुटे भाग जुन्या बाजारात मिळतात, भाऊ कोठे मिळणार?

येत्या एकादशीला फराळाच्या आधी एवढे करा. ज्या भावंडाकडे पाऊल वळत नाही, त्याच्या दारी जा. काय बोलावे सुचले नाही तर रामकृष्णहरी म्हणा आणि बसा. पुढचे तो विटेवरचा पाहील. त्याला थांबायची सवय आहे, आपल्यालाच उशीर होतो.

रामकृष्णहरी!