अपराध कोणाचा?

पाळीव जनावराच्या खोडींविषयीं सल्ला विचारावयास येणारा गृहस्थ बहुधा फिर्यादी होऊनच येतो. कुत्रा भुंकून घर डोक्यावर घेतो, मांजर गादीवर लघवी करतें. यांवर उपाय सांगा, असें त्याचें मागणें असतें. उपाय आहेत. परंतु उपायाच्या आधीं एक प्रश्न उभा राहतो व तो नीतीचा आहे: ज्याच्यावर ही फिर्याद, तो अपराधी आहे काय?

अपराधास दोन गोष्टी लागतात: नियमाचें ज्ञान व तो मोडण्याचा संकल्प. धनी म्हणतो, "त्याला सारें कळतें, मीं पाऊल टाकतांच तो शेपूट घालून कोपऱ्यांत बसतो." हा पुरावा वरवर पाहतां बिनतोड वाटतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषीनें तो १४ कुत्र्यांवर पारखून पाहिला व २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. मना केलेला खाऊ कुत्र्यानें खाल्ला असो वा नसो, धनी रागें भरला कीं तें 'अपराधी' तोंड दिसे. आणि आज्ञा पाळणाऱ्यास उगाच रागावलें असतां तें अधिकच दिसे. म्हणजे आपण ज्यास पश्चात्ताप समजतों, ती भीति होय. सकाळीं फाडलेल्या चपलेबद्दल सायंकाळीं मार दिला, तर कुत्रा त्या माराचा संबंध चपलेशीं न जोडतां धन्याच्या येण्याशीं जोडतो.

मग खोडीचें मूळ कोठें शोधावें? गादी भिजविणाऱ्या मांजरास पुष्कळदां मूत्रमार्गाचा विकार असतो; म्हणून पहिला सल्ला पशुवैद्याचा घ्यावा. दिवसभर कोंडलेला कुत्रा भुंकतो, तो एकटेपणानें वा रिकामपणानें. त्यास फिरावयास न्यावें, गुंतून राहण्याजोगें कांहीं द्यावें, एकटें राहण्याची संवय थोड्या थोड्या वेळानें लावावी व चांगल्या वर्तनास लगेच बक्षीस द्यावें. ज्या कृतीनें समाधान मिळतें ती पुन्हां केली जाते, हें थॉर्नडाइक यानें १८९८ सालीं मांजरांवरील प्रयोगांतून दाखविलें होतें.

कोणी म्हणेल, मग चावऱ्या कुत्र्यास मोकळें सोडावें कीं काय? मुळींच नव्हे. शेजाऱ्याच्या मुलाचें रक्षण हें धन्याचें कर्तव्यच आहे. परंतु बंदोबस्त निराळा व शिक्षा निराळी. बंदोबस्तास धोका पुरतो. शिक्षेस अपराध सिद्ध व्हावा लागतो. आणि खोड जात नाहीं म्हणून जनावर रस्त्यावर सोडून देणें, ही तर आमच्या मतें शिक्षांतील सर्वांत कठोर शिक्षा. कारण त्यास आपल्यावांचून जगतां येऊं नये असें आपणच त्याला वाढविलेलें असतें.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या भावांनीं यज्ञस्थळीं तिच्या पिलास मारलें. तें रडत आलें तेव्हां आईलाही आधीं वाटलें, यानेंच कांहीं आगळीक केली असेल. पण तिनें त्याचें म्हणणें ऐकलें. त्यानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंही नव्हतें. मग तिनें मारणारांस कारण विचारलें. त्यांस उत्तर देतां आलें नाहीं, व तिचा शाप राजकुळास लागला. आपल्या घरच्या मुक्या जनावराची बाजू विचारावयास कोणी सरमा येत नाहीं. तो प्रश्न हात उगारण्यापूर्वीं धन्यानेंच स्वतःस विचारला पाहिजे.