अक्षरांचे ऋण

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचे आणि लहानग्याचा हात धरून श्रीगणेशा गिरवून घ्यायचा, ही रीत अनेक घरांत अजून आहे. पण मुलाला मुळाक्षरे शिकवणे हे धर्मकृत्य की व्यवहाराची तयारी? मी ते धर्मकृत्यच मानतो, मात्र पूजेमुळे नव्हे. आपली परंपरा प्रत्येकावर ऋषिऋण मानते आणि ते अध्ययनाने फिटते असे सांगते. मला तेवढे पुरेसे वाटत नाही. अक्षरे कोणी स्वतः घडवत नाही, ती मागच्यांकडून मिळतात. म्हणून पुढच्याच्या हाती दिल्याखेरीज ते ऋण फिटणार नाही. स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना शतकानुशतके अक्षरांपासून दूर ठेवणाऱ्यांची सरस्वतीपूजा इथेच खोटी ठरते. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंना ऋषिऋणाची ही भाषा कदाचित रुचली नसती. ऋण फेडले ते मात्र त्यांनीच.

यावर कोणी म्हणेल, शहाणपणाला अक्षर कशाला हवे? बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते, तरी त्यांची कविता मराठीचे वैभव आहे. खरे आहे. पण ती आपल्यापर्यंत पोचली, कारण मुलगा सोपानदेव आणि एक नातलग ती ऐकून उतरवून घेत होते. ज्या जात्यांपाशी लिहिणारे कोणी नव्हते, तिथल्या किती ओव्या विरल्या, कोण सांगणार?

दुसरा आक्षेप श्रद्धाळूंचा: वर्णमालेचा क्रम मोडू नये. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांनुसार लावलेला ‘क-च-ट-त-प’चा क्रम ही खरोखर थोर बुद्धीची करामत आहे. पण ती ध्वनींची मांडणी आहे, कोवळ्या बोटांची चढण नव्हे. ‘ण’ने मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून तर ‘ण बाणाचा’ म्हणावे लागते. ‘ङ’ आणि ‘ञ’ला तेवढाही आधार नाही. उलट ग, म, न एवढी तीनच अक्षरे आली की मन, नमन, गगन, गमन मुलाला स्वतः वाचता येतात. क्रम तोंडपाठ करून घ्यावा, तो कानाला गोडही लागतो. लिहिणे-वाचणे मात्र सोप्या वळणांपासून सुरू करावे. त्याने परंपरेचा अवमान होत नाही.

यंदा पाटीपूजन झाले की पाटी देव्हाऱ्यात ठेवून उठू नका. ज्याच्या घरी गिरवून घ्यायला कोणी नाही, असे एखादे मूल शेजारीपाजारी असेलच. त्याच्याजवळ रोज थोडा वेळ बसा.